अव्यक्ताला नाव

न कळलेली राशी शोधावयाची, तर प्रथम तिला नाव द्यावे लागते. आपल्या पूर्वसूरींनी तिला ‘यावत्तावत्’ म्हटले. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त विचारले: एकाजवळ ३०० नाणी व ६ घोडे, दुसऱ्याजवळ १० घोडे, पण १०० नाण्यांचे ऋण. दोघांचे धन सारखे. तर घोड्याचे मोल काय? दोन्हीकडून ६ घोडे वजा करू, दोन्हीकडे १०० मिळवू. ४ घोड्यांचे ४००, एकाचे १००. हेच समशोधन. ही विद्या टिकावी म्हणून आचार्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. तेथील शिलालेखात १२०७ सालच्या दानाची नोंद आहे. ग्रंथ लिहून भागत नाही. शिकविणाराही पोसावा लागतो, हे आपण विसरू नये.