हृद्-नीला : रचनाभेद व इतिहास

हृदयाच्या स्नायूंना पुरविलेले रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांस हृद्-नीला म्हणतात. त्यांपैकी बहुतेक हृदयाच्या मागील बाजूच्या नीला-कोटरात मिळतात व हे कोटर उजव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) उघडते. काही अतिसूक्ष्म नीला मात्र सरळ हृदयाच्या कप्प्यांतच उघडतात. त्यांचे वर्णन रेमाँ व्ह्यूसाँ यांनी १७०६ मध्ये, तर आडाम थिबेसियस यांनी १७०८ मध्ये लायडन येथील प्रबंधात केले. थिबेसियस यांचे नाव या नीलांना व कोटरमुखावरील झडपेलाही मिळाले.

नीलांची मांडणी रोहिण्यांपेक्षा अधिक व्यक्तिपरत्वे बदलते. कोटरमुखाची झडप काहींत नसते, काहींत चंद्रकोरीसारखी वा जाळीदार असते, तर क्वचित ती मुख जवळजवळ झाकून टाकते. गर्भातील डावी ऊर्ध्व महानीला सामान्यतः लोप पावते व तिचा अवशेष तिरकस नीलेच्या रूपाने राहतो, हे जॉन मार्शल यांनी १८५० मध्ये दाखविले. सुमारे ०.३ ते ०.५ टक्के लोकांत ती टिकून राहते व कोटर रुंदावते. बहुधा यापासून त्रास होत नसल्याने हे भेद दीर्घकाळ शवविच्छेदनगृहातील कुतूहलाचेच विषय राहिले.

सूक्ष्म नीलांचा विचार मुंबईत वेगळ्या वाटेने पुढे गेला. सर्पाच्या हृदयाच्या स्पंजासारख्या स्नायूला निलयातील रक्तच सरळ पोसते. मानवी स्नायूलाही कप्प्यातूनच रक्त देता येईल काय, असा प्रश्न के. ई. एम. रुग्णालयातील शल्यचिकित्सक प्रफुल्लकुमार सेन यांनी घेतला. त्यांनी उडवाडिया, किणरे व परुळकर या सहकाऱ्यांसह कुत्र्यांच्या हृदयस्नायूत सुईने आरपार छिद्रे पाडण्याचे प्रयोग करून १९६५ मध्ये ते प्रसिद्ध केले. सेन यांचे नाव १९६८ च्या हृदयारोपणामुळे अधिक गाजले. कल्पकतेच्या दृष्टीने हे प्रयोग त्याहून सरस ठरावेत. छिद्रे टिकत नाहीत असे इतरांना आढळले व रोहिणी-उपमार्ग शस्त्रक्रियेने ही पद्धत मागे पडली. पुढे लेसर किरणांनी तशीच छिद्रे पाडण्यास अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. तीही बुजतात, तरी काही रुग्णांची छातीतील वेदना कमी होते. त्याचे कारण वादग्रस्त आहे.

रचनाभेदांना चिकित्सेत खरे महत्त्व आले ते उपकरणे व औषधे कोटरातून जाऊ लागल्यावर. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय थांबविणारा द्राव कोटरातून उलट दिशेने सोडतात. डावी महानीला टिकून असल्यास तो तिच्यातून निसटतो व स्नायूला अपुरे संरक्षण मिळते. हृदयाचे दोन्ही निलय एकाच वेळी आकुंचित करणाऱ्या गतिकारकाची तार कोटरामार्गे डाव्या निलयावर नेतात. तेथे झडप आडवी आली किंवा योग्य जागी नीलाच नसली, तर काही वेळा छाती उघडून ती तार बसवावी लागते.