शिवणयंत्राची सुई : नेढ्याचे स्थलांतर आणि क्रमांकांचा इतिहास

प्रस्तावना

शिवणयंत्राचा इतिहास प्रायः संशोधकांच्या नावांनी सांगितला जातो. सेंट, थिमोनिए, हाऊ, सिंगर ही नामावळी दिली की विषय संपला असे मानले जाते. या नामावळीत सुईचा उल्लेख ओझरताच येतो. वस्तुतः यंत्र खऱ्या अर्थाने शिवू लागले ते सुईचे रूप पालटल्यानंतर. आजही कापडाला योग्य सुई निवडताना शिंपी ज्या क्रमांकांचा व खुणांचा आधार घेतो, त्या याच स्थित्यंतरातून आलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात शिवणयंत्राचा इतिहास सुईच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

नेढ्याचे स्थलांतर

हाताने शिवताना सुई कापडातून आरपार जाते. टोक पुढे, नेढे मागे आणि धागा तिच्यामागून ओढला जातो. प्रत्येक टाक्याला सुई सोडून कापडाच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा धरावी लागते. हाताला हे सहज साधते. यंत्राला ते साधणे अत्यंत कठीण होते. १७५५ मध्ये चार्ल्स वाइझेंथाल याने इंग्लंडमध्ये दोन्ही टोके अणकुचीदार असलेल्या सुईचे पेटंट घेतले. सुई उलटी न फिरवता परत यावी, हा त्यामागील हेतू होता. थॉमस सेंटच्या १७९० च्या पेटंटात चामड्याला आधी आरीने भोक पाडावे व मग खाच असलेल्या सुईने धागा आत लोटावा, अशी योजना होती. फ्रान्समधील बार्थेलेमी थिमोनिए याने १८३० मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात आकडीची सुई होती. ती खाली जाऊन धागा आकडीत धरून वर आणी व साखळी टाका घाली. आपल्याकडील आरीकामाची सुई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवणारी त्याची सुमारे ८० यंत्रे १८३१ मध्ये शिंप्यांच्या जमावाने मोडून टाकली. जमाव आला नसता तरी एक अडचण उरलीच असती. साखळी टाक्यात धागा एके ठिकाणी तुटला की शिवण पुढे उसवत जाते.

यावरील उत्तर नेढे टोकाजवळ आणण्यात होते. नेढे टोकाशी आले की संपूर्ण सुई कापडापार जाण्याची गरज उरत नाही. ती धागा घेऊन खाली उतरते, किंचित वर येताना धाग्याचा फासा मागे सोडते आणि त्या फाशातून शटल दुसरा धागा ओवते. न्यूयॉर्कमधील वॉल्टर हंट याने १८३२ ते १८३४ च्या सुमारास अशी सुई व शटल असलेले यंत्र तयार केले. परंतु पेटंट घेतले नाही. यंत्रामुळे शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजी बुडेल, असे त्याच्या मुलीने सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये न्यूटन व आर्चबोल्ड यांच्या १८४१ च्या पेटंटातही टोकाला नेढे असलेली सुई आढळते. एलियस हाऊ याला अमेरिकेत पेटंट मिळाले ते १० सप्टेंबर १८४६ रोजी.

हाऊला भाल्यांच्या पात्यांना भोके असल्याचे स्वप्न पडले आणि त्यातून त्याला ही सुई सुचली, अशी आख्यायिका अनेक पुस्तकांत आढळते. ती मनोरंजक आहे. पण तिच्यामुळे हंटचे काम झाकले जाते. १८५४ मध्ये अमेरिकेच्या पेटंट आयुक्तांनी हंटचे अग्रक्रमत्व मान्य केले होते. मात्र दीर्घकाळ हक्क न सांगितल्यामुळे पेटंट त्याला नाकारण्यात आले. म्हणजे कायद्याने हाऊचा हक्क टिकला. इतिहासकाराने मात्र हक्क आणि शोध यांत भेद करावयास हवा.

हाऊची सुई वक्र होती व आडवी चालत असे. कापड उभे टांगावे लागे. आयझॅक सिंगर याच्या १८५१ च्या यंत्रात सुई सरळ झाली, ती उभी वर-खाली चालू लागली आणि कापड आडवे पसरता आले. आजची सुई याच वळणाची आहे.

सुईच्या अंगावरील खुणा

सुई नीट पाहिली तर तिच्या एका बाजूने लांब खोबण दिसते. सुई कापडात शिरताना धागा या खोबणीत बसतो व घासला जात नाही. विरुद्ध बाजूस नेढ्याच्या वर खोलगट भाग असतो. सुई वर येऊ लागली की या बाजूचा धागा कापडाच्या घर्षणाने अडतो, तेथे फासा फुगतो आणि खोलगट भागामुळे हुकाला सुईच्या अगदी जवळून जाऊन तो पकडता येतो. सुई उलटी बसली तर फासा चुकीच्या बाजूस पडतो आणि टाकाच पडत नाही. घरगुती यंत्राच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा केलेला असतो, तो ही चूक टळावी म्हणून. कारखान्यातील यंत्राच्या सुईचा दांडा बहुधा गोल असतो. तेथे सुई कारागिराच्या नजरेच्या भरवशावर बसते.

क्रमांक आणि निवड

पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे असतात. ९० म्हणजे पात्याची जाडी ०.९० मिलिमीटर. १४ हा सिंगर पद्धतीचा अनुक्रमांक असून त्यात मापाचे एकक नाही. तरीही महाराष्ट्रातील शिंप्याच्या तोंडी ‘चौदा नंबर’, ‘सोळा नंबर’ हेच रुळले आहे. मापापेक्षा कंपनीचा क्रमांक अधिक टिकला, ही बाब लक्षणीय आहे. तलम कापडाला ९ किंवा ११, साध्या सुती कापडाला १४, जाड डेनिमला १६ वा १८ अशी स्थूल निवड होते. परंतु केवळ जाडी पुरेशी नाही. होजिअरीच्या कापडाला गोलसर टोकाची सुई लागते. ती विणीचा धागा न तोडता बाजूस सारते. चामड्याला पाचरीसारखे कापणारे टोक लागते. तेच विणीच्या कापडाला भोके पाडते. कारखान्यातील यंत्र मिनिटाला ५००० टाक्यांपर्यंत चालते, तेव्हा घर्षणाने सुई इतकी तापू शकते की कृत्रिम धागा वितळतो.

क्रमांक व टोक यांच्याही आधी येतो तो सुईचा वर्ग. आरंभीच्या काळात निरनिराळ्या यंत्रांच्या सुया निरनिराळ्या लांबीच्या व दांड्याच्या होत्या. एकाची सुई दुसऱ्याला चालेलच असे नव्हते, आणि यंत्र घेणारा पुढे सुईसाठीही त्याच उत्पादकाशी बांधला जाई. सिंगरच्या १५ क्रमांकाच्या यंत्रवर्गाची सुई मात्र पुढे इतरांनीही स्वीकारली. १५×१, १३०/७०५ एच आणि एचए×१ ही आज तिचीच तीन नावे आहेत. सिंगरच्या १२ क्रमांकाच्या वर्गाला असे भाग्य लाभले नाही. त्या यंत्राचे लोखंड अद्याप उत्तम असते, चाक फिरते, शटल धावते. परंतु १२×१ ही सुई दुर्मीळ झाल्याने अशी यंत्रे केवळ शोभेसाठी ठेवलेली दिसतात.