अंगणात आलेली शाळा

सन १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले, तेव्हा त्या दुष्काळी तालुक्यापुढचा पहिला प्रश्न मूल जगण्याचा होता. प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. आरोळे दांपत्याने गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. मुलांचे वजन, सकस आहार, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी हे ज्ञान घरोघरी गेले आणि बालमृत्यू झपाट्याने घटले. पण वाचलेल्या मुलाच्या ‘हे काय? असे का?’ या प्रश्नांचे काय? शरीराच्या भुकेइतकीच ती भूकही खरी असते.

ही दुसरी भूक प्रथम ओळखणाऱ्यांत एक डॉक्टरच होती. ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसोरी यांनी रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. मूल उपदेशाने नव्हे, हाताने शिकते, हे त्यांनी तेथे पाहिले. हा विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या बालमंदिरात रुजविला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

परंतु माँटेसोरीची साधने महाग होती आणि बालमंदिरे शहरी सुखवस्तूंची. म्हणून १९४५ साली ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. शिंपले मोजता मोजता संख्या आली, पाने लावता लावता आकार कळले. हात धुणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, वस्तू जागच्या जागी ठेवणे या सवयीही खेळातच लागतात, धाकाने नव्हे. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. शब्द पोहोचला, त्यामागची दृष्टी सर्वत्र पोहोचली काय? कोठे अंगणवाडी खाऊ वाटण्यापुरती उरते, तर कोठे तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबून पालक कृतार्थ होतात. एकीकडे जिज्ञासा उपाशी राहते, दुसरीकडे तिला अजीर्ण होते.

येथे जामखेडच्या त्या आरोग्यसेविका आठवतात. ‘तुला काय कळते?’ हेच ज्यांनी जन्मभर ऐकले, त्या प्रौढ वयात प्रश्न विचारू लागल्या आणि गावाच्या शिक्षिका झाल्या. त्यांना कोणी गप्प बसविले नाही, म्हणून हे घडले. मुलांच्या बाबतीत तरी निराळे काय हवे? घरात प्रश्न विचारणारी आई असेल, तर मुलाची पहिली शाळा अंगणातच भरते. आपल्या चिमुकल्याने आज विचारलेला प्रश्न आपण ऐकला की दटावला, एवढे रात्री दिवा मालवण्यापूर्वी प्रत्येकाने आठवून पाहावे.