काचेवरचं चित्र, पडद्यामागचा आवाज

 

आज एका रोजच्या वस्तूचा इतिहास पाहू. कुणीतरी आपल्याला व्हॉट्सॲपवर 'पीपीटी' पाठवतं. उघडावी तर चाळीस स्लाइड, प्रत्येकीवर चार-चार शब्द. बोलणारा माणूस हजर नाही, त्यामुळे त्या शब्दांचा अर्थ लागत नाही. स्लाइड आणि तिचा आवाज यांची ताटातूट कधी झाली, आणि ती भरून काढायला लोकांनी काय काय केलं?

सुरुवात आपल्या कल्याणपासून करू. १८९०च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. नाव अवघड, वस्तू सोपी. तो जादूचा कंदील होता. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली पुराणकथांमधली पात्रं, मागे दिवा, पुढे पडदा. एकापेक्षा अधिक कंदील वापरून आणि काचा भराभर बदलून पात्रं हलल्याचा भास निर्माण केला जाई. पुढे त्यांच्या मुलांनी हे खेळ चालवले. या खेळात काच कधी एकटी नसे. सोबत निवेदन असे, संवाद असत, गाणी असत. समोरचे प्रेक्षक हसले तर निवेदकाला ते कळणार, कंटाळले तरी कळणार. 'इंटरॅक्टिव्ह' या शब्दाचा मूळ अर्थ मला तरी तिथे दिसतो.

आता थेट १९८७ सालात येऊ. अमेरिकेत या एकाच वर्षात, एकाच मॅकिंटॉश संगणकावर दोन प्रोग्राम आले आणि दोन वेगळ्या वाटा दाखवून गेले.

पहिला पॉवरपॉइंट. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या छोट्या कंपनीत तो घडवला, एप्रिलमध्ये बाजारात आणला. पहिली आवृत्ती कृष्णधवल होती. तिचा उपयोग मुख्यतः ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक कागदांसाठी. म्हणजे बोलणारा उभा आहे हे त्यात गृहीतच होतं. काही महिन्यांतच मायक्रोसॉफ्टने १.४ कोटी डॉलर देऊन ती कंपनी विकत घेतली.

दुसरा हायपरकार्ड. ॲपलच्या बिल ॲटकिन्सनचं हे काम ऑगस्टमध्ये आलं, आणि नव्या मॅकबरोबर ते फुकट मिळे. इथे 'स्लाइड' नव्हती, 'कार्ड' होतं. कार्डावर बटण ठेवायचं, ते दाबलं की दुसरं कार्ड उघडणार. कुठलं कार्ड आधी आणि कुठलं नंतर, हे वाचणारा ठरवणार. शिक्षकांनी यात धडे केले, हौशी लोकांनी कोडी केली. १९९३चा 'मिस्ट' हा गाजलेला खेळही त्यातूनच उभा राहिला. बोलणारा नसतानाही समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर देईल अशी ही काच होती. पण दुवे आपल्याच संगणकापुरते. दुसऱ्याला द्यायचं तर फ्लॉपी हातात द्यावी लागे. दुव्यांची ही कल्पना जगभर पसरली ती वेबबरोबर, आणि हायपरकार्ड २००४ साली बंद झालं.

जिंकला पॉवरपॉइंट. बटणं आणि दुवे त्यातही आले, नव्वदीच्या दशकात. पण वापरणार कोण? तोवर 'पुढची स्लाइड, पुढची स्लाइड' ही सवय हाडीमाशी खिळली होती.

त्या सवयीची किंमत काय असू शकते हे २००३ साली दिसलं. १६ जानेवारीला कोलंबिया यान निघालं. आपल्या कर्नालची कल्पना चावला त्यात होती. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी धोका तपासला आणि निष्कर्ष स्लाइडवर मांडले. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत खरी गोष्ट होती: चाचणी झाली होती ती ३ घनइंचाच्या तुकड्यावर, आणि आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घनइंचाचा. ६४० पट मोठा! माहिती वरच्या पायऱ्या चढत गेली तसा तपशील गळत गेला. १ फेब्रुवारीला परतताना यान कोसळलं, सातही अंतराळवीर गेले. अपघात स्लाइडमुळे झाला नाही, फोममुळे झाला, हे नीट लक्षात घ्या. पण चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडचा मुद्दाम उल्लेख केला. ती वाचून वरिष्ठांना जिवावरचा धोका लक्षात आला नसेल तर नवल नाही, असा त्याचा आशय होता. तांत्रिक टिपणाऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीलाही मंडळाने दोष दिला.

तीनच वर्षांनी, २००६ साली, स्लाइड जगाच्या चव्हाट्यावर आली. रश्मी सिन्हा, अमित रंजन आणि जोनाथन बूटेल यांनी स्लाइडशेअर सुरू केलं. त्याचं बरंचसं काम दिल्लीतून चाले. फाइल चढवा, दुवा मिळवा, कुणालाही पाठवा. २०१२ साली लिंक्डइनने ते सुमारे ११.९ कोटी डॉलरला घेतलं. सोय मोठीच होती. पण आवाज मागे राहायचा तो राहिलाच.

मग तो परत आणायच्या खटपटी सुरू झाल्या. २००७ पासून गूगलच्या सादरीकरणात अनेकजण एकाच वेळी लिहू लागले. बुडापेस्टच्या प्रेझीने २००९ साली स्लाइडच मोडून एक मोठा फलक केला, त्यात आत शिरायचं आणि बाहेर यायचं. (मला त्यात गरगरतं, पण मुलांना आवडतं.) स्टॉकहोमच्या मेंटीमीटरने प्रेक्षकांच्या मोबाइलवरचं मत थेट पडद्यावर आणलं. कल्याणचा निवेदक अंधारात कानोसा घेई, तेच काम आता यंत्र करतं.

या मालिकेच्या सुरुवातीला मीही नुसत्या स्लाइड पाठवत असे. एका प्रेक्षकाने लिहिलं, "सर, चित्रं छान, पण तुम्ही काय म्हणालात ते कुठाय?" आता प्रत्येक स्लाइडखाली पूर्ण वाक्यांत टिपण असतं, आणि पहिल्याच पानावर बटणं असतात: कंदील, १९८७, कोलंबिया. कोलंबियाच्या पानावर ६४० हा आकडा मी सगळ्यात वर लिहिला आहे.