तळटीप : मलिक अंबरचा मुलूख

* हबशी : हबसाण, म्हणजे आजचा इथिओपिया, येथील माणूस. भातवडीच्या लढाईचा (१६२४) सूत्रधार मलिक अंबर याच देशातला; जन्म साधारण १५४८चा. हा देश म्हणजे मुख्यतः उंच पठार, आणि आपल्या दख्खनसारखेच लाव्हाच्या थरांनी घडलेले. खचदरी त्याचे दोन भाग करते. पठारावरच्या ताना सरोवरातून निळी नाईल निघते. पावसाळाही साधारण जून ते सप्टेंबर. लोक टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून धिरड्यासारखी मोठी, जाळीदार इंजेरा करतात आणि एकाच ताटाभोवती बसून खातात. ओरोमो, अम्हारा, सोमाली, तिग्रे असे अनेक समाज इथे आहेत. चौथ्या शतकापासून इथे ख्रिस्ती राजसत्ता होती, तर पूर्वेचे हरार हे मुसलमानांचे तटबंदीचे नगर. सोळाव्या शतकात या दोन सत्तांमध्ये भीषण युद्धे झाली, आणि गुलामांच्या बाजारात असंख्य माणसे विकली गेली. अंबरही मोखा, बगदाद असा विकला जात दख्खनला आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले; तो स्वतःही हबशीच होता. अंबरला केवळ ‘गुलाम’ म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. १६००मध्ये नगरचा किल्ला मोगलांकडे गेल्यावर निजामशाही पुन्हा उभी केली ती त्यानेच, आणि भातवडीला त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले.