शहरात ड्रग्जचं व्यसन वाढतंय का, हे मोजतात कसं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत छापा टाकून मेफेड्रोनचा, म्हणजे ‘एमडी’चा मोठा साठा पकडला. पुणे, दिल्लीसह वेगवेगळ्या ठिकाणी जप्त झालेल्या मालाची किंमत साडेतीन हजार कोटींच्या घरात असल्याचं सांगण्यात आलं. अशी बातमी आली की, ‘आपल्या शहरात व्यसन एवढं वाढलंय का?’ हा प्रश्न सोशल मीडियावर हमखास विचारला जातो.

पण छाप्यावरून त्याचं उत्तर मिळत नाही. पकडलेला माल त्याच शहरात विकला जाणार होता की बाहेर जाणार होता, हे लगेच कळत नाही. शिवाय पोलिसांनी कारवाई वाढवली की जप्तीचे आकडेही वाढतात. त्यामुळे आरोग्य यंत्रणांना माहिती इतर मार्गांनीही गोळा करावी लागते.

घरोघरी सर्वेक्षण

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यासाठी १८६ जिल्ह्यांतल्या दोन लाखांहून अधिक घरांना भेटी देण्यात आल्या. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू, २.८ टक्के लोक भांग-गांजासारखे पदार्थ आणि २.१ टक्के लोक अफू, हेरॉइनसारखे पदार्थ घेत असल्याचं त्यात आढळलं.

पण दारात आलेल्या अनोळखी माणसाला ‘मी ड्रग्ज घेतो’ असं कोण सांगेल? म्हणून या सर्वेक्षणात आणखी एक पद्धत वापरली गेली. व्यसनी व्यक्तीची मुलाखत घ्यायची आणि तिच्याच मदतीने तिच्या ओळखीतल्या इतरांपर्यंत पोहोचायचं. तरीही एवढ्या मोठ्या कामाला वेळ लागतो. हे सर्वेक्षण २०१८ मध्ये झालं, त्यामुळे त्यानंतर काय बदललं ते त्यात दिसत नाही.

हॉस्पिटलच्या नोंदी

नवीन ड्रग बाजारात आलं की त्याची चाहूल अनेकदा हॉस्पिटलच्या अपघात विभागात लागते. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून ‘डॉन’ नावाची यंत्रणा अशा नोंदी गोळा करत होती. २०११ मध्ये ती बंद झाली. नेमक्या त्यानंतर, २०१३ च्या सुमारास, तिथे फेंटानिलचे बळी वाढू लागले. ही यंत्रणा पुन्हा सुरू करण्याची तरतूद २०१६ च्या एका कायद्यात करावी लागली. २०२१ मध्ये अमेरिकेत ड्रग ओव्हरडोसमुळे एक लाखाहून अधिक लोकांचा मृत्यू झाला.

ही यंत्रणा सुरू असती तर हे मृत्यू टळले असते, असं म्हणता येणार नाही. पण लाट येत असताना ती टिपणारं एक साधन हातात नव्हतं, हे खरं.

गटाराचं पाणी काय सांगतं?

घेतलेल्या ड्रगचे अंश लघवीवाटे गटारात जातात. सांडपाणी प्रकल्पात २४ तासांचे नमुने घेऊन त्यातलं या अंशांचं प्रमाण मोजलं जातं. पाण्याचा प्रवाह आणि लोकसंख्या लक्षात घेऊन दर हजार लोकांमागे किती ड्रग वापरलं गेलं, याचा अंदाज काढतात. युरोपात २०११ मध्ये १९ शहरांत अशी पाहणी झाली. २०२४ मध्ये ही संख्या १२८ शहरांवर गेली. कोकेन आणि ‘एमडीएमए’चं प्रमाण बहुतेक शहरांत शनिवार-रविवारी वाढतं, हेही त्यातून समोर आलं.

यात कुणाचंही नाव उघड होत नाही. पण थोडे लोक जास्त घेतात की जास्त लोक थोडं घेतात, हेही कळत नाही.

सांडपाण्यावरून आजार शोधणं मुंबईला नवीन नाही. पोलिओच्या विषाणूसाठी तिथे २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जातात. मात्र जिथे घरं सेप्टिक टँकवर किंवा उघड्या नाल्यांवर अवलंबून आहेत, तिथे ड्रग्जचा हिशोब लावणं अवघड जातं.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

एकाच आकड्यावर नाही. जप्ती, सर्वेक्षण, हॉस्पिटल आणि सांडपाणी, सगळीकडून एकच इशारा येत असेल, तर तो गांभीर्याने घ्यायला हवा. व्यसनमुक्ती केंद्र कुठे हवं, कोणत्या औषधांचा साठा हवा, हे त्यावरूनच ठरवता येतं.

तुमच्या ओळखीत कुणाला व्यसनातून बाहेर पडण्यासाठी मदत हवी असेल, तर १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत फोन करता येतो.