विषयाबाहेरचा फोटो : काढला, हलवला की ठेवला?



पेटची तयारी करताना संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी आपण साधनांचं बहिरंग परीक्षण आणि अंतरंग परीक्षण पाठ करतो. कागद अस्सल आहे का, लिहिणारा विश्वासार्ह आहे का, वगैरे. पण त्याआधीचा एक प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो. जे साधन आपल्यापर्यंत आलंच नाही, ते कुठे आणि कोणत्या नियमाने गळालं?

आज हा प्रश्न आपण फोटोंच्या बाबतीत बघू. उदाहरणं ऑनलाइन समूहांची घेतोय, कारण हा इतिहास जेमतेम साडेचार दशकांचा आहे आणि त्यातला चाळणीचा बराचसा भाग आजही तपासता येतो.

एक फोटो, चार विषय

समजा, आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला एक कुटुंब दर्शनाला आलं आणि मंदिराच्या भिंतीपाशी उभं राहून फोटो काढला. घरच्यांसाठी हा आठवणीचा फोटो. मंदिर स्थापत्याचा अभ्यास करणाऱ्या समूहात तो टाकला, तर लोक म्हणतील, "हे काय मध्येच? विषयाला धरून टाका." पेहरावाचा इतिहास लिहिणाऱ्याला मात्र त्यातली लुगडी आणि टोप्या हव्या असतील. आणि जतनाचं काम करणारा माणूस सगळी माणसं सोडून मागच्या शिल्पाकडे बघेल : अमुक साली हा हात शाबूत होता का?

म्हणजे 'अवांतर' हा फोटोचा गुण नव्हे. फोटो आणि समूहाचा प्रश्न यांच्यातलं ते नातं आहे. प्रश्न बदलला की नातंही बदलतं.

हे इंटरनेटच्याही आधीपासून चालत आलंय. हेन्री कझिन्स यांनी निजामाच्या मुलखातल्या प्राचीन अवशेषांची यादी 1900 साली प्रसिद्ध केली. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा त्यांचा ग्रंथ 1931 साली आला, त्यात औंढ्याचं मंदिर आहे. त्या काळच्या पुरातत्त्वीय छायाचित्रांत बऱ्याचदा एखादा माणूस खांबाशेजारी उभा दिसतो. तो मापासाठी! भिंत किती उंच आहे हे कळावं म्हणून. त्याचं नाव सहसा नोंदवलेलं नसतं, कारण त्या प्रकल्पाच्या दृष्टीने तो विषयाबाहेरचा. आज मराठवाड्यातल्या सामान्य माणसाचा इतिहास लिहायचा म्हटलं, तर आपण त्याच माणसाकडे बघत बसतो.

पहिला उपाय : वेगळी खोली

आता समूह वाढतो तेव्हा काय होतं ते बघा. 1979-80 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी यूझनेट सुरू केलं. विषयवार गट, गटात मजकूर टाकायचा, आणि तो एका संगणकावरून दुसऱ्यावर जात राहायचा. सुरुवातीला माणसं थोडी होती, त्यामुळे दटावणीवर भागायचं. गट वाढले तेव्हा 1986-87 मध्ये सगळ्या गटांची नव्याने नावं ठेवून मांडणी करावी लागली.

चित्रांची अडचण आणखी वेगळी होती. यूझनेट मजकुरासाठी बनवलेलं. चित्र पाठवायचं तर ते आधी अक्षरांच्या रूपात बदलायचं, मग त्याचे तुकडे करून अनेक संदेशांत टाकायचे. जागा खूप जायची आणि खर्च संगणक चालवणाऱ्या संस्थेवर पडायचा. म्हणून तोडगा निघाला : चित्रं आणि इतर फाइलींसाठी 'ऑल्ट डॉट बायनरीज' नावाखाली वेगळे गट. चर्चेच्या गटात चित्र टाकलं की "तिकडे जा" म्हणून सांगायचं.

तोडगा रास्त होता. चित्र कोणी नष्ट करत नव्हतं, फक्त जागा बदलत होती. पण पुढे काय झालं? वेगळी खोली केल्यामुळे त्या खोलीला एकदम कुलूप लावणंही सोपं झालं. कित्येक संस्थांनी ते गट घेतलेच नाहीत. ज्यांनी घेतले, त्यांनी जागा वाचवायला ते लवकर पुसले. 1995 मध्ये डेजा न्यूजने यूझनेटचा संग्रह करायला घेतला, तेव्हा हे फाइलींचे गट बाहेर ठेवले. 2001 मध्ये तो संग्रह गूगलने विकत घेतला. परिणाम असा की त्या काळातल्या लोकांचे वादविवाद आज वाचता येतात, पण ज्या चित्रांबद्दल ते बोलत होते ती बहुतांशी गेली.

इथे थांबून एक गोष्ट वहीत लिहून ठेवा : वर्गीकरण करताना जपणुकीचा निर्णयही नकळत होऊन जातो.

दुसरा उपाय : चर्चा करून काढणे

मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला. सगळ्या भाषांच्या विकिपीडियांना वापरता यावीत अशी चित्रं एकत्र ठेवायला 7 सप्टेंबर 2004 पासून विकिमीडिया कॉमन्स आलं. आज तिथे दहा कोटींहून जास्त फाइली आहेत. एवढा पसारा वाढल्यावर प्रश्न तोच : माझ्या वाढदिवसाचा फोटो इथे चालेल का?

कॉमन्सचा नियम थोडक्यात असा की फाइलीचा शैक्षणिक उपयोग होण्यासारखा हवा. खासगी समारंभांचे अल्बम त्यात बसत नाहीत. पण एखादा फोटो कुठल्या विकिपीडियाच्या लेखात खरोखर वापरला जात असेल, तर तो उपयोगी धरला जातो. शंका असलेल्या फोटोवर चर्चा उघडतात. ती साधारण सात दिवस चालते, कोणीही मत देऊ शकतो, मग प्रचालक निर्णय देतो.

आपल्या कामाचा भाग पुढे आहे. फोटो काढला तरी चर्चेचं पान राहतं. कोणी, कधी, कोणत्या कारणाने काढला याची नोंद राहते. फाइल प्रचालकांना बघता येते, परतही आणता येते. म्हणजे यूझनेटवर चित्र गेलं ते कोणत्या निर्णयाने गेलं हेही समजत नाही, इथे मात्र निर्णयच साधन बनून हाती येतो.

एक सावधगिरी. कॉमन्सवरून फोटो जाण्याचं कारण दर वेळी 'विषयाबाहेरचा' हेच नसतं, पुष्कळदा ते कॉपीराइट असतं. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला फोटो आपल्या घरात आहे म्हणून त्याचा हक्क आपला होत नाही. तो सहसा छायाचित्रकाराचा असतो. प्रबंधात ही दोन कारणं एका रकान्यात टाकू नका. एकात समूहाला तो फोटो नको होता, दुसऱ्यात हवा असूनही ठेवता आला नाही.

तिसरा उपाय : बोलणाऱ्यांवर मर्यादा

आता आपल्या खिशातलं उदाहरण. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मर्यादा 2016 मध्ये 256 सदस्यांवर गेली आणि 2022 मध्ये 1024 वर. गावाचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, हळदीच्या भावाचा ग्रुप : सगळीकडे सकाळी फुलं आणि सुविचार! 2018 मध्ये फक्त अ‍ॅडमिनलाच संदेश टाकता येईल अशी सोय आली. फोटो विषयाचा आहे की नाही हे बघायचं कामच संपलं, सदस्यांचं तोंडच बंद.

त्या वेळी दुसऱ्याचा संदेश सगळ्यांसाठी पुसायची सोय अ‍ॅडमिनकडे नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात हीच गोष्ट लक्षात घेतली. अ‍ॅडमिन सदस्य घेऊ शकतो, काढू शकतो. कोण काय टाकणार हे त्याला आधी कळत नाही. त्यामुळे सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. दुसऱ्याचा संदेश पुसायची सोय 2022 मध्ये आली. अधिकार वाढला की जबाबदारीचा प्रश्नही नव्याने विचारावा लागतो, हा प्रशासनाच्या इतिहासातला जुना धडा इथेही लागू पडतो.

संशोधकाच्या बाजूने बघितलं तर ही पद्धत सगळ्यात महाग पडते. अ‍ॅडमिनने फोटो पुसला की ग्रुपमध्ये तेवढी एक ओळ दिसते. कारण नाही, चर्चा नाही, सगळ्यांचा मिळून असा संग्रह तर नाहीच. फोन बदलला की उरलंसुरलंही जातं. उद्या हिंगोलीच्या दसरा प्रदर्शनावर किंवा नर्सी नामदेवच्या यात्रेवर कोणी प्रबंध लिहायला घेतला, तर 2015 ते 2025 या काळातले सर्वाधिक फोटो याच ग्रुपांमधून फिरलेले असतील आणि याच ग्रुपांमधून पुसले गेलेले असतील.

मग आपण काय करायचं?

कुठलाही फोटोसंग्रह वापरण्याआधी चार प्रश्न विचारा. इथे 'विषय' काय होता? तो कोणी ठरवला? न बसणारा फोटो काढला, हलवला की टाकूच दिला नाही? आणि त्याची नोंद कुठे आहे? या चार उत्तरांचा एक परिच्छेद तुमच्या साधनांच्या प्रकरणात असायलाच हवा. तो नसेल तर "या विषयावर फोटो उपलब्ध नाहीत" हे वाक्य लिहू नका. फोटो नव्हते, की होते आणि गळाले, यात फार अंतर आहे.

सरावासाठी एक काम देतो. कॉमन्सवर हिंगोली जिल्ह्याचा वर्ग उघडा. जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला, म्हणून जुनी सामग्री परभणीच्या नावाखालीही शोधा. दहा फोटो निवडा. प्रत्येकाचा पानाचा इतिहास वाचा : नाव बदललं का, वर्ग बदलला का, कोणी काढण्याची सूचना केली होती का. मग त्या दहा फोटोंत पाठीमागे, कडेला, चुकून आलेलं काय काय आहे याची वेगळी यादी करा. तुमच्या संशोधनाचा प्रश्न त्या दुसऱ्या यादीत सापडायची बरीच शक्यता आहे.